वरची दोन युनिटं

“काका, दहाला लाइन बंद म्हणजे बंद. खांबावर माणसं चढणार आहेत. तुम्हाला का हे सांगायला हवं?”

लाइनमन बरोबरच बोलत होता. तेहतीस वर्षं घरोघरी मीटर वाचत हिंडलेल्या माणसाला हे सांगायला नकोच होतं. तरी मीटरकाका फाटक धरून उभेच. “अरे, निदान उद्या कर की!” लाइनमन हसला आणि शिडी खांद्यावर टाकून निघून गेला.

दारातून मीटरचं चाक बघितलं की आत इस्त्री चालू आहे की नुसता पंखा, हे काका ओळखायचे. निवृत्तीनंतरही रोज सकाळी स्वतःच्या घराचं रीडिंग वहीत उतरवायचे. जित्याची खोड, दुसरं काय! घरात दिवसभर त्यांचं ‘बंद कर, बंद कर’ चालायचं. काकू म्हणायच्या, “ह्यांना देवानं तोंड नाही, बटण दिलंय.”

साठीला काकू कॉम्प्युटरवर टायपिंग शिकल्या, आणि तेव्हापासून मीटर रोज दोन युनिटं जास्त पळायला लागलं. काकांनी घर पालथं घातलं. फ्रिजचं रबर बदललं, वायरिंग तपासलं, बिचाऱ्या शेजाऱ्यावरही संशय घेतला. चोर काही सापडला नाही.

तो सापडला काकू गेल्यावर पाचव्या दिवशी. टेबलाखालची चप्पल काढताना काकांचा हात कॉम्प्युटरच्या डब्याला लागला, तर डबा गरम! टीव्हीसारखा पडदा बंद केला की सगळं बंद, अशी बाईंची समजूत. दीड वर्षं! काका एकटेच खो खो हसले. मग त्यांनी पडद्याचं बटण दाबलं, आणि हसू थांबलं. काकूंनी लेकीला लिहायला घेतलेलं पत्र तसंच समोर होतं.

त्याला आता तीन आठवडे झाले होते. डबा बंद केला की पत्र पुसलं जाईल, या भीतीनं काकांनी त्याला हात लावला नव्हता. कुणाला सांगितलंही नव्हतं. आज मात्र इलाज नव्हता. दिवसकार्य आटोपून गेलेली लेक कालच पुन्हा आली होती. काकांनी तिला टेबलाशी आणलं.

“दहाला लाइन जातेय गं. हे जाईल.”

लेकीनं पडदा सुरू केला आणि वाचायला लागली.

‘नळ अजून गळतोच आहे. तुला एक मोठी गंमत सांगायची होती, पण तुझे बाबा मागे येऊन उभे राहिलेत. बंद कर म्हणतायत. उठते बाई, नाहीतर बोलत बसतील. उरलेलं उद्या’

पुढे पूर्णविरामही नव्हता.

“मीच उठवलं तिला,” काका म्हणाले. “पाच मिनिटं थांबलो असतो तर काय बिघडलं असतं? काय गंमत होती, कोण जाणे.”

लेकीनं पदर नसलेल्या खांद्यालाच डोळे पुसले. मग दोन बटणं दाबली. “झालं सेव्ह. आता कुठं जात नाही, बाबा.”

“नक्की?”

“अगदी नक्की.”

काकांचा विश्वास बसला नाही. दहाला डब्याची घरघर थांबली, तशी त्यांनी खुर्ची टेबलापाशी ओढली. पुढचे अडीच तास ते त्या खुर्चीवरून हलले नाहीत. चहासुद्धा तिथंच निवला.

वीज आली. लेकीनं कॉम्प्युटर लावला, आणि पत्र आलं. शब्दन्‌शब्द. उरलेलं उद्या.

“बघा! आता बंद करून ठेवते. उगाच कशाला जाळायची वीज?”

“नको,” काका म्हणाले. “पडदा तेवढा बंद कर. ती करायची तसा.”

लेकीनं माउसवरचा हात काढला. मग तिनं पडदा तेवढा बंद केला.

काका वही घेऊन मीटरपाशी गेले. चाक फिरत होतं. त्यांनी आकडा उतरवला. शेजारी शेऱ्याचा रकाना होता. नोकरीत कुलूप दिसलं की त्यात ते ‘घर बंद’ असं लिहायचे. स्वतःच्या घरापुढे आजवर काही लिहायची वेळ आली नव्हती. चष्मा पुसून त्यांनी सावकाश लिहिलं: घर चालू.