रायफल कुणाची होती

"घरी बंदूक कुठं ठेवतोस?" एल्माने विचारले.

काउंटरपलीकडचा तरुण बाप गोंधळला. त्याच्या कडेवर दोनेक वर्षांची मुलगी होती आणि तिने काडतुसांच्या खोक्याला हात घातला होता. हरणांच्या शिकारीचा मोसम आठवड्यावर आला होता. सकाळपासून दुकानात काडतुसे, लोकरीचे मोजे आणि नारिंगी टोप्या यांखेरीज काही खपले नव्हते.

"कपाटावर. का?"

"भरलेली?"

"एल्माबाई, मी काडतुसं घ्यायला आलोय, कबुलीजबाब द्यायला नाही."

"कपाटाजवळ खुर्ची आहे?"

त्याने मुलीचा हात खोक्यावरून काढला. एल्माने काउंटरखालून वायरचे एक कुलूप काढले आणि त्याच्या पिशवीत टाकले. "ही वायर रायफलीतून ओवायची, म्हणजे तिच्यात काडतूस बसतच नाही. एक चावी तुझ्या खिशात, दुसरी बायकोकडं. काडतुसं निराळ्या पेटीत, त्या पेटीलाही कुलूप. आणि हे माझ्याकडून, विकत नाही."

तो गेल्यावर दुकानाचे मालक रॉय लाम्पी मागच्या खोलीतून बाहेर आले. "आज हा तिसरा," ते म्हणाले. "लोक म्हणतात, लाम्पीकडं काडतुसं घ्यायला जावं तर एल्मा शेरीफसारखी उलटतपासणी घेते."

"घेते."

"शिकार मंडळाच्या गॉर्डनचा फोन आला होता. शनिवारच्या जेवणाला तुझा ठराव वाचणार आहे. पण पडणार म्हणाला."

"वाचू दे तर खरं," एल्मा म्हणाली आणि चाव्या कापायच्या यंत्राकडे वळली.

एल्मा निएमेला त्या दुकानात एकतीस वर्षे चाव्या कापत होती. मिशिगनच्या उत्तर टोकाला, मोठ्या सरोवराकाठच्या त्या गावात तांब्याची खाण बंद पडली, शाळेतली मुले निम्म्यावर आली, पण दारे होती तेवढीच राहिली, आणि जवळजवळ प्रत्येक दाराची चावी कधी ना कधी तिच्या हाताखालून गेलेली होती. लग्न तिने केले नाही. धाकटी बहीण आयली दोन गल्ल्यांपलीकडे राहायची. रविवारी दुपारी दोघी एकत्र जेवत, मग आयली विणत बसे आणि एल्मा तिला वर्तमानपत्र वाचून दाखवी. एल्माच्या आयुष्यात एवढीच एक ऊब होती आणि ती जाईल या भीतीने ती चोवीस वर्षे जगत आली होती.

गावाला ठाऊक होते ते असे. चोवीस वर्षांपूर्वी, मोसमाच्या पहिल्याच दिवशी, दोघी बहिणींचा बाप वाइनो दारू पिऊन रानातून आला आणि त्याने भरलेली रायफल स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभी करून ठेवली. आयलीची पाच वर्षांची काइसा तिथे खेळत होती. पुढचे कुणी बोलत नसे. शेरीफने वाइनोचा जबाब लिहून घेतला. त्यानंतर वाइनो नऊ वर्षे जगला, पण शिकारीच्या मुक्कामाला त्याला कुणी बोलावले नाही. आयलीने त्याला पुन्हा कधी हाक मारली नाही आणि त्याच्या अंत्यविधीलाही ती गेली नाही. एल्माने बंदूक हातात धरणे सोडले आणि पुढच्या वर्षापासून कुलपे वाटायला लागली. लोकांना वाटे, भाची गेल्याचे दुःख आहे बिचारीला.

शनिवारी दुपारी चर्चच्या तळघरातले सभागृह भरून गेले. शिकार मंडळाचे हे वार्षिक जेवण. मांस, बटाटे आणि सलगम भरलेल्या पेस्ट्यांचा वास, ओल्या बुटांचा वास, दीडशे माणसांचा गलका. आयली चर्चच्या बायकांबरोबर कॉफी वाढत होती.

मंडळाचा अध्यक्ष गॉर्डन ट्रेव्हॅरो उभा राहिला आणि चष्मा लावून त्याने ठराव वाचला. प्रत्येक सभासदाने घरातली बंदूक रिकामी करून कुलपात ठेवावी, काडतुसे वेगळी, तीही कुलपात. मागेल त्या घराला मंडळ कुलूप देईल आणि का हवे ते विचारणार नाही. घरात कोणाचे मन थाऱ्यावर नसेल तर त्या घरच्या बंदुका मंडळ सांभाळायला घेईल. आणि ज्या घरात कुलूप नाही, त्या घरच्या मुलाला मंडळाच्या नेमबाजीच्या वर्गात प्रवेश नाही.

शेवटच्या वाक्याला गलका झाला.

"आणि चोर शिरला तर?" म्हातारा बर्ट हाकाला बसल्या जागेवरून म्हणाला. "त्याला म्हणायचं, बस बाबा, कॉफी घे, मी जरा चावी शोधतो?"

सभागृह हसले. एल्मा उठली. "बर्ट, तुमच्या दाराचं कुलूप मी तीनदा बदललंय. तिन्ही वेळा चावी तुम्हीच हरवली होती. चोर काही अजून आला नाही."

आता हसू दुप्पट झाले. बर्टसुद्धा हसला. पण गॉर्डन हसला नाही. तो वाईट माणूस नव्हता. जे त्याला खरे वाटत होते तेच त्याने सांगितले.

"एल्मा, तुझं दुःख या गावात कुणाला ठाऊक नाही? पण आमच्या बापजाद्यांनी बंदुका दाराआड ठेवल्या आणि काही झालं नाही. तुझ्या घरी झालं, कारण वाइनो प्यायला होता. एका दारुड्याच्या चुकीपायी सावध माणसांच्या घरांना कुलपं कशाला? सावध माणसाच्या घरी असलं होत नाही."

कित्येक माना हलल्या. एल्माला वाटले, झाले, ठराव पडला. खाली बसावे. उद्या रविवार आहे, आयली जेवायला येईल. तिने सभागृहाच्या टोकाला पाहिले. आयली कॉफीची किटली धरून उभी होती आणि बापाचे नाव निघाले की तिचा चेहरा जसा दगडासारखा होई, तसाच आता झाला होता.

एल्मा बसली नाही.

"गॉर्डन, तुझ्या दोन्ही मुलांना बंदूक धरायला कुणी शिकवलं?"

"तू. त्या वेळी वर्ग तूच घ्यायचीस."

"पहिला धडा काय असायचा?"

"घरात पाऊल टाकायच्या आधी बंदूक रिकामी करायची." गॉर्डनला मजा वाटल्यासारखे झाले. "पोरं झोपेत म्हणायची."

"बाबा त्या दिवशी रानात गेलेच नव्हते," एल्मा म्हणाली. "ती रायफल माझी होती."

किटली टेबलावर ठेवल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"बोटं गारठली होती. म्हटलं, आधी बूट काढू, हात शेकू, मग रिकामी करू. कोपऱ्यात उभी केली आणि बाहेरच्या पडवीत बूट काढायला बसले. बूट काढायला लागतो तेवढाच वेळ. तुमच्यातली सगळ्यात सावध मी होते. सगळ्या गावाला सावधपणा मीच शिकवत होते. शेरीफ यायच्या आधी बाबांनी बाटली तोंडाला लावली. मला म्हणाले, माझं आयुष्य होऊन गेलं, तुझं राहिलंय, तू तोंड उघडायचं नाहीस. मी नाही उघडलं. तुम्ही त्यांना वाळीत टाकलंत, तेव्हाही नाही. त्यांना मातीत ठेवलं, तेव्हाही नाही. म्हणून सांगते गॉर्डन, सावध माणूससुद्धा दमतो. कुलूप दमत नाही."

ती खाली बसली. गॉर्डनने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावायचा विसरून गेला.

"वाइनो माझ्या शेजारी राहायचा," तो शेवटी म्हणाला. "नऊ वर्षं मी त्याला बघून रस्ता ओलांडला." मग घसा खाकरून म्हणाला, "ठरावाच्या बाजूनं हात वर करा."

पहिला हात बर्ट हाकालाचा वर गेला. त्याच्यामागून रॉय लाम्पींचा. मग भिंतीकडच्या बाकांवरचे, मग मधल्या टेबलांवरचे, बायकांचे, म्हाताऱ्यांचे, आणि मोजणाऱ्या सेक्रेटरीला पुन्हा सुरुवात करावी लागली. विरोधात अकरा. त्या अकरांतला एकजण जेवण झाल्यावर कुलूप मागायला आला आणि म्हणाला, "मत माझं तेच आहे, पण नातवंडं येतात."

एल्माने आणलेली तिन्ही खोकी अर्ध्या तासात रिकामी झाली. दारापर्यंत रांग लागली होती. कुणी तिचा हात दाबला, कुणी नुसतीच मान हलवली, दोघीतिघी तिच्याकडे न बघता कुलूप घेऊन गेल्या, आणि त्याचे तिला काही वाटले नाही. गॉर्डन रांगेत उभा राहून आला. "चार दे," तो म्हणाला. "आणि वसंतात वर्ग सुरू होतील, तेव्हा पहिला धडा तू घे. हेच सांग, आत्ता सांगितलंस तसं."

"सांगेन," एल्मा म्हणाली. तिने चार कुलपे मोजून त्याच्या हातात ठेवली. बापाचे नाव त्या सभागृहात चोवीस वर्षांनी धुतले गेले होते.

माणसे पांगली. बाहेर बर्फात गाड्या सुरू झाल्याचे आवाज आले. एल्मा वळली, तर आयली अजून तिथेच होती, एप्रन बांधलेली.

"मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही," आयली म्हणाली. "ते माझ्या दारात येऊन उभे राहायचे, आणि मी पडदा ओढून घ्यायचे."

"माहीत आहे."

"तुला सांगता आलं असतं."

"आलं असतं. तू तुटशील म्हणून नाही सांगितलं."

आयलीने डोळे पुसले नाहीत. "आज मी तुला काही म्हणणार नाही, एल्मा. माफी नाही, दुसरंही नाही. मला वेळ लागेल."

"लागू दे."

आयलीने सभागृहावरून नजर फिरवली. लांबलचक टेबले तशीच पसरलेली होती आणि सकाळच्या प्रार्थनेआधी ती भिंतीला लावायची होती. ती जवळच्या टेबलाच्या एका टोकाला गेली, खाली वाकली आणि थांबली.

"धर तिकडनं," ती म्हणाली. "जड आहे."