बारा घरांची पाटी

तो खेळ घेताना दुकानदाराने स्नेहलताला दोनदा विचारलं, नक्की हाच हवा ना? जपानमधल्या सेंदाई शहरातल्या त्या जुन्या गेम-कॅसेटींच्या दुकानात दाराशीच एक मोठी टोपली होती. कुणालाच नको झालेले व्हिडिओ गेम तिच्यात येऊन पडत. दुकानात येणारी पोरं तिच्याकडे ढुंकूनही बघत नसत. स्नेहलता मात्र सायकल लावली की थेट तिथेच वाकायची. तास तास मासा गळाला न लागणारा खेळ तिने तिथूनच उचलला होता, आणि ज्यातला गिर्यारोहक दर दहा पावलांनी दम खायला बसतो तोही. दोन्ही तिने मन लावून शेवटपर्यंत खेळले होते. गुणवंत, तिचा नवरा, विद्यापीठात धातूंवर संशोधन करायचा. तो म्हणायचा, "तुला खेळ आवडत नाहीत गं, तुला अनाथाश्रम काढायचाय."

या नव्या पाहुण्याचं नाव होतं 'बारा घरांची पाटी'. जपानमध्ये गल्लीतल्या सूचनांचे कागद लावलेली एक पाटी घरोघर फिरते. आपण वाचायची, शिक्का मारायचा आणि शेजारी नेऊन द्यायची. खेळातही तेवढंच. पाटी घेऊन बारा दारं वाजवायची. शत्रू नाहीत, उड्या नाहीत, तलवारबाजी नाही. प्रत्येक दारात कुणीतरी बोलत सुटायचं. कुणाचे गुडघे, कुणाच्या सुनेचं लोणचं, कुणाचं चार दिवस घरी न आलेलं मांजर. बोलणं संपायच्या आत बटण दाबलं की धाडकन दार बंद, आणि पाटी पुन्हा पहिल्या घरापासून. एका मासिकाने याला दहापैकी दोन गुण दिले होते म्हणे. दुकानदाराच्या मते तेही लाजेकाजेस्तव.

स्नेहलताला तो पहिल्याच दुपारी आवडला. का, ते तिला चांगलं ठाऊक होतं. बाहेर तिच्यासाठी कुणी थांबत नसे. बँकेत, बसमध्ये, भाजीच्या दुकानात ती एकेक शब्द जुळवत वाक्य बांधायची, आणि क्रियापद सापडेपर्यंत समोरच्याने अदबीने हसून विषय संपवलेला असायचा. इथे सोप्या लिपीतली अक्षरं एकेक करून उमटत आणि तिथेच राहत. मध्येच उठून कुकर बंद करावा, शब्दकोश चाळावा, परत यावं, तरी सातव्या घरातल्या कोन्नो आजी आपल्या दारात उभ्याच. लोकांना जे रटाळ वाटलं, ते तिला आदरातिथ्य वाटलं.

आणि मांडीवर सई असायची. पाच वर्षांची सई ती सोपी अक्षरं आईपेक्षा भराभर वाचायची, तीही आवाज काढून. मांजरवाले काका नाकात बोलायचे, कोन्नो आजी थरथरत. बोबड्या मराठीत मधूनमधून शेरेही मारायची. घरात तिचं तोंड म्हणून मिटत नसे.

बालवाडीत मात्र ती आठ महिन्यांत एक शब्दही बोलली नव्हती.

हजेरीला हात वर करायची, गाण्याला ओठ हलवायची, पण आवाज नाही. येत्या एप्रिलमध्ये प्राथमिक शाळा. मुख्याध्यापिकांचं म्हणणं पडलं होतं की सईला नेहमीच्या वर्गाऐवजी लांबच्या एका शाळेतल्या विशेष वर्गात घालावं. तशी शिफारस करायची की नाही, ते तिच्या वर्गाच्या बाई, ओइकावा-सेन्सेई, ठरवणार होत्या, आणि त्यासाठीच मे महिन्यातल्या नेहमीच्या गृहभेटीला येणार होत्या. स्नेहलताने धसका घेतला. घरी ही चिवचिवते असं तिने किती वेळा सांगितलं होतं, पण ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर तेच अदबीचं हसू.

टोकियोला राहणाऱ्या तिच्या मैत्रिणीने, वैभवीने, फोनवर बजावलं की आधी ते गेमचं मशीन लपव. इथल्या बालवाड्यांना त्याचा फार राग, सगळं खापर त्याच्यावर फोडतील. स्नेहलताने सकाळीच ते गाद्यांच्या कपाटात, दुलयांच्या मागे सारलं. मग बालवाडीची चिठ्ठी पुन्हा वाचली. बाई दारातच पंधरा मिनिटं बोलतील, कृपया चहा-खाणं करू नये. वाचली, आणि शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला. घरी आलेल्या बाईंना कोरडं परत पाठवायचं हे तिच्याच्याने होणं शक्य नव्हतं.

ओइकावा-सेन्सेई ठरल्या वेळेवर आल्या, बूट न काढता दारातल्या खोलगट जागेत उभ्या राहिल्या, आणि शिऱ्याची बशी पाहून गोंधळल्या. त्यांनी मान लववून नको म्हटलं. स्नेहलताने बशी पुढे केली. त्यांनी आणखी वाकून नको म्हटलं. आता पहिल्या नकाराला काय धरून बसायचं, दुसऱ्यालाही नाही, अशा संस्कारात वाढलेल्या स्नेहलताने "थोडा तरी" म्हणून बशी अजून पुढे केली. बाई मागे सरकल्या, त्यांची पाठ दाराला टेकली. दोघी वाकलेल्या, मधे बशी. पंधरातली पाच मिनिटं गेली होती.

तेवढ्यात मागून थरथरता आवाज आला. स्वच्छ, जुन्या वळणाची जपानी.

"दारात उभ्याउभ्या काय बोलायचं? या, वर या. या वयात गुडघ्यांचं काही खरं नसतं."

बाईंनी आधी स्नेहलताकडे पाहिलं, मग तिच्या ओढणीमागच्या सईकडे. त्यांनी तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकला होता, आणि तो ऐंशी वर्षांचा होता. मग त्यांना हसू आवरेना. माझी आजी अगदी अशीच बोलायची, त्या म्हणाल्या, हे शिकवलं कुणी?

स्नेहलताने कपाटाकडे पाहिलं. तिला खोटं बोलता येत नव्हतं, जपानीत तर मुळीच नाही. तिने दुलया उपसल्या.

बाईंनी बूट काढले. तातामीच्या चटयांवर गुडघे मोडून बसल्या आणि कॅसेटवरचं चित्र बघून कपाळाला हात लावला. त्यांच्या धाकट्या भावाने हा खेळ घेऊन दोन दिवसांत फेकला होता. सईने त्यांच्या हातात बटणं दिली. सहा घरं कशीबशी पार पडली. सातव्या दारात कोन्नो आजी सुरू झाल्या, आणि गुडघ्यांचं पुराण ऐकता ऐकता बाईंच्या बोटाने घाई केलीच. दार धाडकन बंद.

"सेन्सेई, थांबायचं ना," सई म्हणाली. या वेळी तिच्या स्वतःच्या आवाजात. "त्यांचं बोलणं संपलं नव्हतं. त्या हळू बोलतात, पण बोलतात."

बाईंनी हातातली बटणं खाली ठेवली. मग सावकाश, स्नेहलताला नीट समजेल असं म्हणाल्या, "मी सई-चानला काही विचारते आणि तीन मोजायच्या आत पुढच्या मुलाकडे वळते. तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. मला वाटायचं, ही माझी माया."

स्नेहलता शब्द जुळवायला लागली. बाई थांबल्या. खरोखरच थांबल्या. क्रियापद सापडायला बराच वेळ लागला, पण शेवटी सापडलं. ती म्हणाली, "मायाच आहे. फक्त जरा लवकर संपते."

बाईंनी मान डोलावली. शिफारस इतक्यात लिहीत नाही म्हणाल्या. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत थांबू, आणि मी मोजणार नाही. निघताना त्यांनी उभ्यानेच चमचाभर शिरा तोंडात टाकला आणि हे बालवाडीत सांगू नका म्हणून विनवलं.

पुढचे दहा दिवस काही घडलं नाही. अकराव्या दिवशी दुपारी स्नेहलता न्यायला गेली तर बाई अॅप्रनवरच फाटकाशी धावत आल्या. जेवणाच्या वेळी त्यांनी सईला विचारलं होतं, अजून वाढू का? आणि थांबल्या. सगळी मुलं ताटकळली, एकाचं सूप निवलं, कुणीतरी कुजबुजायला लागलं तर शेजारच्या मुलीनेच त्याला गप्प केलं. आणि मग सई बोलली. सगळ्या वर्गाला ऐकू जाईल एवढ्याने.

"काय बोलली?" स्नेहलताने विचारलं.

"मला गाजर नको, म्हणाली. उकडलेलं तर मुळीच नको."

स्नेहलता फाटकाला धरून हसत सुटली, आणि हसता हसता डोळे पुसत राहिली. आठ महिने छातीवर ठेवलेलं काहीतरी कुणीतरी अलगद उचलून नेलं होतं. घरी येताना सायकलच्या मागच्या सीटवरून सई गाजर, सूप आणि त्या शेजारच्या मुलीबद्दल अखंड बोलत होती, आणि चढ आला तरी स्नेहलताला दम लागला नाही.

संध्याकाळी गुणवंतला सांगितलं तर त्याने आधी लेकीला उचलून घेतलं. मग म्हणाला, "आठ महिने विचार करून पहिलं वाक्य, आणि तेही तक्रारीचं."

"असू दे," स्नेहलता म्हणाली. "उद्या भेंडीबद्दल बोलेल."