जहाज वर नव्हतं

मी एक जुनं जहाज आहे.

हसू नका, मित्रांनो. बालाघाटकडच्या लांजीजवळ एका गावात गोठ्याच्या खुंटीला टांगलेली पितळी बादली स्वतःला जहाज म्हणते, तेव्हा हसू येणारच. पण माझं बाकी सगळं समुद्राच्या तळाशी आहे. वर आली ती एवढी बादली. जे उरतं त्यालाच बोलावं लागतं, म्हणून मी बोलते.

गोष्ट मध्येच तुटेल. मीही मध्येच तुटले होते.

माझी नाळ

एका थंड देशात, नदीकाठी मला बांधलं. लोखंडाचे पत्रे, लाल तापवलेल्या रिबिटा, दिवसभर हातोडे. मी चहा वाहिला, ताग वाहिला, एकदा घोडेही वाहिले. मग मोठी लढाई आली. मला राखाडी रंग फासला आणि नौदलाचा माल भरला. दिवे विझवून, श्वास धरून चालायला मी शिकले. आम्ही जीव धोक्यात घालून माल पोचवतो म्हणून बंदरावरचे लोक टोप्या हलवायचे. मला बरं वाटायचं.

माझी भट्टी

भट्टीत कोळसा टाकायला माणसं कमी पडत होती. तेव्हा डोमाजी आला. बालाघाटच्या मॅंगनीजच्या खाणीत फावडं चालवलेला माणूस. मी, म्हणजे ही बादली, तेव्हा संकटकाळच्या होडीत असायची. होडीत शिरलेलं पाणी बाहेर फेकायचं, एवढंच माझं काम. डोमाजी मला चोरून न्यायचा, अंगावरची काजळी धुवायचा आणि सोबतच्या कोकणी खलाशाला लेकीबद्दल म्हणायचा, "माही रुख्मी यातच बसन, पाह्य. घरी गेलो का हिच्यातच न्हाऊ घालतो तिले."

"आधी बादली जागेवर ठेव," खलाशी म्हणायचा. "साहेब तुलाच बुडवील तिच्यात."

माझं पोट

शेवटच्या फेरीला पोटात मॅंगनीज होतं. ते इतकं जड असतं की अर्धं पोटही भरत नाही आणि जहाज मात्र पाण्यात खोल बसतं. डोमाजीने एक काळा दगड उचलून हुंगला. "आमच्या घरचा हाय," म्हणाला.

भर दुपारी पाणसुरुंग लागला. ताग असता तर थोडा वेळ तरले असते. पण डोमाजीच्या घरची ती माती मला दगडासारखी खाली ओढू लागली. तिचा दोष नाही. पण होडी सुटली तेव्हा भट्टीखान्यातून एकही माणूस वर आला नव्हता. मित्रांनो, त्या होडीत मी पाणी उपसलं, उपसत राहिले, हात बदलले, माणसं रडली, मी उपसत राहिले. डोमाजीच्या अंगावरचा एक थेंबही मला उपसता आला नाही.

इथे मी तुटले.

मी, बादली

कोकणी खलाशी मला घेऊन या गावी आला. अंगणात डोमाजीची बायको उभी होती, पदराला चार वर्षांची रुख्मी. "मेला" हा शब्द त्याच्या तोंडून निघेना. तो म्हणाला, "डोमाजी जहाजाबरोबर गेले. देवाने वर बोलावलं."

तेवढ्यात गोंदियाकडून लढाईचं एक विमान घरघरत गेलं. या मुलखात विमानालाही जहाजच म्हणतात. समुद्र कुणी पाहिलेला नव्हता. रुख्मीने वर पाहिलं आणि हात हलवला. आईने तिचा हात खाली केला नाही. डोमाजी त्याच जहाजातून वर गेला, असं कदाचित तिलाही वाटलं असेल.

तेव्हापासून रुख्मी वर पाहते.

चांगले दिवस होते माझे. लग्नाकार्यात चिंचेने घासून मला मांडवात ठेवायचे. "पितळ पाह्य कसं, सोनं नुसतं!" पुढे प्लास्टिकच्या बादल्या आल्या. माझ्यात चुना कालवला, मग गुरांची ढेप भिजवली, मग काहीच नाही. बुडाचा सांधा सुटला. डाग देऊ म्हणता म्हणता रुख्मीची रुख्माबाई झाली, म्हातारी झाली. गोंदियाजवळच्या बिरसीच्या धावपट्टीवरून शिकाऊ विमानं उडत, गावावरून घिरट्या घालत, आणि ती काम टाकून अंगणात येई. "आला व माहा बाप."

या उन्हाळ्यात तिने अंथरूण धरलं. अन्न सुटलं. एकच हट्ट: खाट अंगणात टाका. मुलगा शालिकराम खाट उचलून आणतो. नात रीना पंखा हलवते.

आज ती सहज सांगत होती, "माहा बाप लय तगडा. जहाजात फावड्यानं कोळसा टाके."

रीना हसली. "अरे आजी, हवाई जहाज में कोयला कौन डालता है?"

"तो टाके ना! त्याचीच तं बादली हाय थे."

"उडत्या जहाजाले बादली काहून..."

रीना थांबली. माझ्याकडे पाहिलं. मी खुंटीवरून ओरडत होते, हौ पोरी, हौ! पण बादलीचं ओरडणं कोणाला ऐकू येतं?

"आजी," ती हळूच म्हणाली, "थे जहाज पान्यातलं होतं. समुद्रात बुडलं असन."

"म्हंजे बाप खाली हाय?"

"हौ."

"आन मी वर पाहून राह्यलती?"

रीनाने पंखा खाली ठेवला.

"त्या पोरीले कोणी सांगतलं काहून नाही?" रुख्माबाई म्हणाली, जणू ती पोर दुसरीच कोणी होती. मग म्हणाली, "बादली आन. पानी भर. मले खाली पाहू द्या."

रीनाने मला भरलं. मित्रांनो, पाणी बाहेर टाकायला मी जन्मले होते. आज तेच धरून ठेवायचं होतं, आणि माझ्या बुडातून धार लागली. म्हातारी वाकली. पाणी हललं, चेहरा फुटला.

"टाक, रीना."

रीनाने ओतलं.

"आनखी टाक. चालला थो."

शालिकराम खाली बसला आणि त्याने माझ्या बुडाला तळहात लावला. धार मंदावली. पाणी थांबलं. माझ्या काळवंडलेल्या तळावर एक चेहरा उमटला. त्याचं नाक डोमाजीचं होतं.

"तोंड काहून इतकं काळं केलं गा, बाबा?" रुख्माबाई म्हणाली. "चाल, न्हाऊन घे."

आणि तिने दोन्ही हात पाण्यात घातले.

वरून विमान घरघरत गेलं. तिने मान उचलली नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी चुकीच्या दिशेला पाहत बसलं असेल. त्यांना वेळेवर सांगा. आणि एखाद्या कल्हईवाल्याला बोलावून आणा, माझ्या बुडाला डाग द्या. लवकर करा. शालिकरामचा हात भरून आला आहे, आणि तिची अंघोळ अजून व्हायची आहे.