तुळसाच्या अंगणातून जाताना

मित्रांनो, मला एका जागी स्वस्थ बसवत नाही. तुमच्या वर्गातही असा एखादा असेलच, ज्याला बाई सारख्या "बस खाली" म्हणून दटावतात. त्याच्याकडे रोज नवी सबब असते. माझी सबब एकच, माझ्या पोटात पारा आहे. मी एक जुना बीपी मोजायचा डबा आहे. संगमेश्वर तालुक्यातल्या एका लहानशा आरोग्य केंद्रात माझा मुक्काम असतो, आणि आजूबाजूच्या वाड्यांतले लोक मला नुसतं 'पाऱ्याचा डबा' म्हणतात.

माझा जन्म दूरच्या शहरातल्या एका कारखान्यात झाला. एका कारागिराने काचेच्या नळीवर बारीक रेघा मारल्या, दुसऱ्याने तळाशी पारा भरला, तिसऱ्याने दंडाला गुंडाळायचा कापडी पट्टा आणि हवा भरायचा रबरी फुगा जोडला. फुगा दाबला की पारा नळीत चढतो. हवा सोडली की उतरतो. उतरता उतरता ज्या रेघेवर नाडीचे ठोके ऐकू येऊ लागतात, तो आकडा डॉक्टर टिपून घेतात. आकडा दाखवायचा आणि बाकी गप्प राहायचं, एवढंच माझं काम. गप्प राहणं मला कधीच जमलं नाही, पण तोंडच नसल्यावर करता काय?

केंद्रात माझी बरीच वर्षं मानाची गेली. जुने डॉक्टर म्हणायचे, "हा खोटं बोलत नाही." मग बॅटरीवर चालणारं एक गुळगुळीत पांढरं यंत्र आलं. बटण दाबलं की ते आपलं आपण फुगतं आणि आकडा दाखवून टीं टीं करतं. पारा विषारी, काच फुटली तर पंचाईत, म्हणून मला कपाटात वरच्या खणात ठेवलं. झुरळांनी माझा पट्टा कडेने कुरतडला. मी आतल्या आत नुसता तळमळत होतो.

मग एके दिवशी डॉक्टर वेदिका आल्या. त्या रक्तदाबावर संशोधन करतात. त्यांना पडलेला प्रश्न साधा होता. रक्तदाबाची गोळी रोज, कायमची घ्यावी लागते. पण जरा बरं वाटलं की माणसं ती सोडून देतात. मग नर्सने दर महिन्याला घरी जाऊन बीपी मोजलं आणि गोळ्या पोचवल्या, तर जास्त फायदा होईल, की लोकांनी पूर्वीसारखं आपलं आपण केंद्रात आलेलं पुरेसं आहे? याचं उत्तर कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून निम्म्या लोकांकडे घरी जायचं आणि निम्म्यांनी केंद्रात यायचं, असं ठरलं. कोण कुठल्या गटात, ते बंद पाकिटातल्या चिठ्ठीवर. गोळ्या मात्र दोन्ही गटांनी घ्यायच्याच. नव्या यंत्राचे आकडे पडताळायला खात्रीचा साक्षीदार हवा, म्हणून मला कपाटातून काढून नवा पट्टा लावला. माझा आनंद काय सांगू?

गावात शिबिर भरलं ते देवीच्या सभामंडपात, कारण शाळेचं छप्पर दुरुस्तीला काढलेलं होतं. चिठ्ठ्यांचं काम दीपाली सिस्टरकडे होतं. दीपाली इथलीच. माहेर आणि सासर दोन्ही याच तालुक्यातलं, त्यामुळे लोकांशी कसं बोलायचं हे तिला शिकवावं लागत नाही. पाकिटं हातात घेऊन ती म्हणाली, "कोण कुठल्या गटात, ते माझ्या हातात नाही की डॉक्टरांच्या नाही. आपण देवीला कौल लावतो ना, तसंच समजा."

कौल तुम्हाला ठाऊक आहे ना? एखादं अवघड काम करावं की नाही हे समजत नसलं, की गुरव देवीपुढे गाऱ्हाणं घालतो, म्हणजे प्रश्न मांडून विनवणी करतो, आणि मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतो. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. गावात कौलाच्या बाहेर कुणी जात नाही. दीपालीचं बोलणं सगळ्यांना पटलं, माना हलल्या. डॉक्टर वेदिकांनाही हा दाखला फार आवडला. मलाही आवडला, कशाला खोटं सांगू?

त्या गर्दीत तुळसा होती. पन्नाशीची, नवरा मुंबईला कामाला, भातशेती आणि दोन म्हशी एकटीने सांभाळणारी. रक्तदाबाची गोळी ती कित्येक वर्षं नेमाने घेत होती. तिच्या चिठ्ठीत निघालं, केंद्रात यायचं. तिची जाऊ सगुणा, तिच्या चिठ्ठीत निघालं, नर्स घरी येईल. दोघींची घरं समोरासमोर, अंगण एकच.

दर महिन्याला दीपाली मला पिशवीत घालून त्या अंगणातून सगुणाच्या ओटीवर जायची. तिथे माझा पट्टा सगुणाच्या दंडाला गुंडाळायचा, आकडा टिपायचा, गोळ्यांची पुडी तिच्या हातात द्यायची. समोर तुळसा आपल्या पायरीवर बसून सगळं बघत असायची. पहिल्यांदा ती तांदूळ निवडत होती. पुढच्या खेपेला सूप नुसतंच मांडीवर होतं आणि ती मान चोळत होती. त्याच्या पुढच्या खेपेला तिने भिंतीला डोकं टेकलं होतं आणि डोळे मिटले होते.

"काकी, बऱ्या आहात ना?" दीपालीने जाता जाता विचारलं.

"बरी हाय गो बाय. देवीची इच्छा."

आपल्याकडे सगळेच असं म्हणतात. दीपाली हसली आणि पुढे निघाली. तुळसा केंद्रात का येत नाही, हे विचारायचंही तिच्या मनात आलं नाही. न येणारी माणसं किती, हेच तर संशोधनात बघायचं होतं. पिशवीत माझा पारा नुसता वरखाली होत होता. दीपाली, मागे फिर. हातभर अंतरावर दंड आहे, पट्टा आहे, मी आहे. पण तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. सगळं संशोधन रक्तदाबाचं, आणि दिव्याखाली अंधार!

मधली तपासणी पुन्हा सभामंडपात झाली. या वेळी दोन्ही गटांना मोजायचं होतं. तुळसाच्या दंडाला आधी पांढरं यंत्र लावलं. ते फुगलं, परत फुगलं आणि आकड्याऐवजी चूक झाल्याची खूण दाखवून बसलं. दीपालीने मला पुढे ओढलं. पारा चढत गेला, दोनशेच्या पुढे गेला, आणि हवा सोडताच ठोके तिथेच ऐकू येऊ लागले. दीपालीने पुन्हा मोजलं. मी तेच सांगितलं. असा आकडा सांगताना मला लाज वाटते, पण मी तो बदलू शकत नाही.

"काकी, गोळी घेताय ना?"

"सोडली."

"कधी?"

"तू कौल लावलास ना, तवाच. देवीनं सगुणाला गोळ्या दिल्यान. माला नाय दिल्यान. मंग मी कशी घेऊ? देवीच्या शब्दाभायर जाऊ?"

दीपालीचा चेहरा पांढराफटक पडला. तिला आपलेच शब्द आठवले असणार. देवळात, देवीसमोर उभं राहून तीच तर तसं म्हणाली होती. तुळसाने एक अक्षरही चुकीचं ऐकलं नव्हतं.

फोनला रेंज फक्त पालखी ठेवायच्या सहाणेवर मिळते. दीपाली धावत तिथे गेली, डॉक्टर वेदिकांशी बोलली आणि धावतच परत आली. गट कुठलाही असो, असा आकडा आला की संशोधन बाजूला ठेवायचं, नेहमीची गोळी द्यायची आणि ताबडतोब इस्पितळात न्यायचं, असं त्यांनी सांगितलं होतं. दीपालीने गोळी पुढे केली. तुळसाने हात मागे घेतला. डावा हात तिला मघापासून जड वाटत होता, तो ती उजव्या हाताने चोळत होती.

गुरव महिपतबुवा गाभाऱ्यातून बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाऱ्हाणा कोणी घातलान त्या दिवशी?"

"गाऱ्हाणं नव्हतं घातलं," दीपाली म्हणाली. "नुसत्या चिठ्ठ्या होत्या, बुवा. चूक माझी. मी सहज बोलून गेले."

"गाऱ्हाण्याबिगर कौल नाय व्हत. तुळसे, तो कौल नव्हता."

तुळसाने गाभाऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मंग आता घाला गाऱ्हाणा. आता लावा."

बुवा आत वळले. त्यांनी पाकळ्या पाण्यात भिजवल्या. मित्रांनो, एवढा अस्वस्थ मी जन्मात झालो नव्हतो. पाकळी डावीकडची पडली तर? दीपालीने बुवांपुढे हात जोडले.

"बुवा, तहान लागली तर पाणी पिऊ का, असं कुणी देवीला विचारतं? ज्याचं उत्तर माहीत नाही, त्याचाच कौल लावतात ना? घरी यायचं की केंद्रात, ते आम्हाला माहीत नव्हतं, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. गोळी घ्यायची, हे माहीत आहे."

बुवांनी ओल्या पाकळ्या तबकात परत ठेवल्या. "खरा हाय. ह्याचा कौल नाय लावायचा. देवी रागावंल. तुळसे, घे ती गोळी."

तुळसाने गोळी घेतली, पण उशीर व्हायचा तो झालाच होता. इस्पितळाकडे निघालेली जीप देवरुखच्या अलीकडे पोचली तेव्हा तिच्या डाव्या हातातला पदर सुटला, आणि तो तिला पुन्हा धरता आला नाही. मी दीपालीच्या मांडीवर होतो. तिने तो पदर उचलून तुळसाच्या उजव्या हातात दिला.

तुळसा रत्नागिरीच्या इस्पितळातून बरी होऊन आली. बोलते, चालते, रोज गोळी घेते. डाव्या हाताची पकड मात्र पक्षाघाताने गेली. म्हशीची धार आता सगुणा काढते. डॉक्टर वेदिकांनी आपल्या संशोधनात ही चूक जशी घडली तशी लिहिली. आता कुठल्याही गावात कुणाला काही समजावलं की त्या म्हणतात, "तुम्हाला काय समजलं, ते मला तुमच्या शब्दांत सांगा." मगच पुढचं काम.

शेजारच्या वाडीत शिबिर झालं तेव्हा तुळसाही आली होती. दीपालीने सवयीने सुरुवात केली, "असं समजा की..."

"समजा नको बाय," तुळसा मागून म्हणाली. "हाय ता सरल सांग."

आता माझा निरोपाचा काळ आला आहे. पाऱ्याची यंत्रं हळूहळू बंद होताहेत, आणि ते योग्यच आहे. तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल तर त्याच्याशी खेळू नका. काच फुटलीच तर पाऱ्याच्या गोळ्या हाताने गोळा करू नका, मोठ्या माणसांना बोलवा. आणखी एक मागणं आहे. तुमच्या घरात कुणी ना कुणी रोज गोळी घेत असेल. "आज घेतलीस का?" एवढंच विचारू नका. "का घेतेस?" हेही विचारा, आणि सोडली असेल तर "का सोडलीस?" हे विचारा. मग तिथेच बसा. उत्तर पुरतं ऐकल्याशिवाय उठू नका. मी एका अंगणातून तसाच निघून गेलो होतो.