आपोआप पडलेली नाल

शहरातले टांगे संपले तेव्हा रज्जाक नालबंदाच्या लक्षात आलं, की रिक्षाला खूर नसतात. बापाची हातोडी, पकड आणि कानस तेवढी हाताशी राहिली. आता वरातीच्या घोड्यांचे पाय हीच त्याची दुनिया.

त्यातली एक, वरातीला घोडे देणाऱ्या गोकुळची घोडी चंद्री. चितेगावच्या रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये बांधलेली, काळीकुट्ट. काळ्या घोडीवर कुणी नवरदेव बसत नाही, म्हणून ती गोकुळला स्वस्तात मिळाली आणि म्हणूनच नुसती बसून खायची. पण एकदा शहागंजातून जाताना तिची नाल निसटून एका कापडवाल्याच्या दारात पडली. त्यानं ती चौकटीवर ठोकली आणि आठवड्यात त्याचा पंधरा वर्षांचा खटला निकाली निघाला. समोरची पार्टी वारली होती, पण हा तपशील कुणी फारसा मनावर घेतला नाही.

त्या दिवसापासून चंद्रीच्या खुरांशी रांग लागली. अट एकच, नाल आपोआप पडलेली हवी. पकडीनं काढलेली चालत नाही. शनीला कळतं म्हणे.

आता सहा खिळ्यांनी ठोकलेली नाल दीड महिना हलत नाही. लोकांना घाई होती.

"रज्जाकभाई, तीनच खिळे मारा," गोकुळ म्हणाला. "अन् तेबी सैल."

"मियाँ, ये नाल है के चप्पल?"

"चप्पलच समजा. निसटली पायजे."

"अरे, हर हफ्ते नवी भोकं पाडली तर खुराची चाळणी होईल."

"लोकांचं भलं व्हतंय ना, भाई. करमाडच्या एकाच्या पोरीचं लगीन जमलं."

"और घोडी का?"

"तिला कुठं लगीन करायचंय?"

रज्जाकला हसू आलं. तिथंच घात झाला. एकदा हसल्यावर माणसाला नाही म्हणता येत नाही. त्यानं तीन खिळे मारले. सैल.

मग दर शनिवारी नाल पडू लागली. मारुतीच्या देवळापर्यंत चंद्रीला चालवायचं, मागून गिऱ्हाईक चालायचं, खाली मान घालून, काही हरवल्यासारखं. तिसऱ्या महिन्यात खुराच्या कडा भिजलेल्या बिस्किटासारख्या तुटायला लागल्या. रज्जाक प्रत्येक वेळी म्हणायचा, "बस, ये आखरी." आणि खिळ्याला नवी जागा शोधायचा.

एका शनिवारी नाल अर्धीच सुटली, फिरली, आणि चंद्रीनं स्वतःच्याच खिळ्यावर सगळा भार टाकला. रज्जाकनं पुढचा उजवा पाय मांडीवर घेतला, तळव्यात रुतलेला खिळा उपसला. मागोमाग काळं पाणी आलं आणि वास.

"डॉक्टर बुला. आजच. तोवर गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडव."

"बघतो," गोकुळ म्हणाला.

चार दिवसांनी रज्जाक परत गेला. चंद्री तीन पायांवर उभी होती आणि शेडच्या दारावर तीच वाकडी नाल ठोकलेली होती.

"डॉक्टर?"

"दमा जरा. सगळ्या मुलखाला गुण येतो, अन् तिची नाल तिलाच लागू पडणार नाय व्हय?" गोकुळ कळवळून बोलत होता. दारावर त्यानं खिळे मात्र सहा मारले होते. पक्के.

डॉक्टर आला तो दहाव्या दिवशी. चंद्री आडवी पडली होती. त्यानं पाय पाहिला, मान हलवली आणि मोठी सिरिंज भरून टोचली. चंद्रीनं शेवटचं एकदा पाय झाडला आणि अख्खा खूर सुटून कडब्यावर जाऊन पडला. मग ती निपचित झाली.

रज्जाकनं तो खूर उचलला. आत अजून ऊब होती. भोकं सगळी त्याच्याच हातची. काय करावं ते सुचेना, म्हणून त्यानं सवयीनं कानस काढली आणि कडा सारख्या करत बसला.

इतक्यात दारात मोटारसायकल थांबली. करमाडचे आप्पासाहेब, महिन्यापासून नंबर लावून बसलेले.

"नाल पडली का?"

"घोडीच गेली, आप्पासाहेब," गोकुळ म्हणाला.

"अरारा." आप्पासाहेबांनी टोपी काढली, घातली. "मंग भाईच्या हातात काय हाय?"

"खूर."

आप्पासाहेब जरा विचारात पडले. "हे तर नालंपेक्षा लई भारी. आपोआप पडलाय ना?"

गोकुळनं रज्जाककडं पाहिलं. कानस थांबली.

"नाय जी," रज्जाक म्हणाला. "हम दोनों ने पाडला."

आप्पासाहेबांनी हळहळत गाडीला किक मारली. हातानं काढलेली वस्तू त्यांना चालत नव्हती.