बाराचा भोंगा

"एक दिवस ते मेलं वादळ बरोबर बारालाच येईल, आणि कोणी जागचं हलणार नाही," अल्व्हिना आजी म्हणाल्या होत्या. "त्या दिवशी दार ठोकत बसू नकोस, पोरी, सरळ आत ये. माझे कान तेव्हा डबीत असतात."

कोर्टाच्या छपरावरचा वादळाच्या इशाऱ्याचा भोंगा चाचणीसाठी रोज दुपारी बाराला वाजायचा आणि आजींचं घर कोर्टासमोरच. आवाज डोक्यात घुसतो म्हणून त्या आधीच कानाची मशीनं काढून ठेवायच्या. शेजारची जोलीन हसली होती. "आजी, दोन नद्यांच्या बेचक्यात वादळ शिरत नाही. सगळी काउंटी सांगते."

"काउंटी सांगते! नद्यांनी लिहून दिलंय का?"

काउंटी, म्हणजे आसपासचा सगळा जिल्हाच, असं सांगायची खरी. पहिलं कोर्ट दक्षिणेला, उघड्या माळावर होतं, लाकडी. वादळाने ते उचलून नेलं, तेव्हा लोकांनी नद्यांच्या संगमावरच्या टेकाडावर हे दगडी कोर्ट बांधलं, खाली खोल तळघर काढलं. त्यानंतर आजवर गावाला धक्का लागला नव्हता. जोलीन कॉलेजात भूगोल शिकलेली. नद्या वारा अडवत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. पण पाळण्याशी बसून सारखं आभाळाकडे बघणाऱ्या बाईला असं काहीतरी खरं असावंसं वाटतंच.

मे महिन्यातल्या त्या दुपारी बाराला भोंगा वाजला आणि थांबेचना. आपल्या बाळाला, एमेटला, भरवता भरवता तिचा हात तसाच राहिला. खिडकीतला उजेड शेवाळी झाला होता. पोराला छातीशी कवटाळून ती धावली. आजींच्या दारात काउंटीच्या क्लार्कचा, ड्वेनचा ट्रक दिसला. आजींना नेलं असेल त्याने, असं म्हणत ती कोर्टाच्या तळघरात उतरली.

ड्वेन दाराशीच होता.

"आजी कुठायत?"

"तुझ्याबरोबर नाहीत? तू शेजारीण, मला वाटलं..."

"त्यांच्या दारात तुझा ट्रक आहे!"

"तो सकाळीच लावलाय गं! इथं आज गाडी लावायला जागा कुठं होती?"

जोलीनने दाराच्या कडीला हात घातला. "दार उघड. रस्त्यापलीकडेच तर आहेत!"

"वेड लागलंय का? वादळाची सोंड जमिनीला टेकलीय. आणि हे पोर कुणाच्या पदरात टाकून चाललीस?"

एमेटने तिचे केस मुठीत धरले होते. ती ते सोडवत असतानाच वरचे दगड घुमायला लागले. मग कुणाचंच बोलणं कुणाला ऐकू आलं नाही.

दार उघडलं तेव्हा समोर घर नव्हतं. तीन पायऱ्या होत्या आणि ओट्याचा एक तुकडा. त्याखाली डबी सापडली, दोन्ही मशीनं आत. ढिगारा उपसून झाला. आजी नव्हत्या. जखमींना मिळेल त्या गाडीतून चहूकडच्या काउंट्यांतल्या दवाखान्यांत नेलं होतं, काहींना नावाशिवायच.

तेव्हापासून ती डबी मुठीत धरून जोलीन फोन लावते आहे. सगळीकडे एकच उत्तर: हाका मारून पाहिलं, त्या नावाला कोणी ओ देत नाही.

ओ कशा देतील? त्यांना ऐकूच येत नाही! तुमच्या गावच्या दवाखान्यात अशी एखादी म्हातारी पडून असेल, नुसती बघत, तर हाका मारू नका. जवळ जा, हातावर हात ठेवा. एका कागदावर ठळक अक्षरांत 'अल्व्हिना?' लिहून त्यांच्या डोळ्यांपुढे धरा. एकदा जाऊन बघा. आजच बघा.