रिकाम्या खाटा

दवाखाना बंद पडणार, अशी कुणकुण गावाला लागली होती. सरकारी अनुदान मिळालं तरच दार उघडं राहणार होतं, आणि ते द्यायचं की नाही हे ठरवायला राजधानीतून एक अधिकारीबाई येणार होत्या. मोठ्या सिस्टरांची झोप उडाली होती, कारण नेमकं त्याच आठवड्यात गाव ठणठणीत होतं. वॉर्डात दोनच पेशंट: पाय मोडलेला गवंडी आणि नुकतीच बाळंत झालेली शिक्षिका.

पाहणीच्या दिवशी सिस्टर वॉर्डात शिरल्या आणि दारातच थबकल्या. सगळ्या खाटा भरलेल्या! न्हावी पोट धरून कण्हत होता, पोस्टमन गळ्यापर्यंत चादर ओढून पडला होता, आणि खिडकीजवळ साक्षात त्यांच्या सासूबाई. हा सगळा घाट सासूबाईंनीच घातला होता. तो मोडायला आता वेळ नव्हता. बाहेर गाडी येऊन थांबली होती.

अधिकारीबाई मोजकं बोलणाऱ्या. प्रत्येक खाटेपाशी थांबत त्या सासूबाईंपर्यंत आल्या आणि यांना काय होतंय, असं त्यांनी विचारलं. सासूबाईंनी डोळे पांढरे केले. सिस्टरांनी काहीतरी ठोकून दिलं असतं, तर निभावलंही असतं.

"काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "या माझ्या सासूबाई. खरे पेशंट दोनच आहेत. बाकीचे दवाखाना वाचवायला आलेत."

न्हाव्याचं कण्हणं मधेच थांबलं.

मग एवढ्या रिकाम्या खाटा हव्यात कशाला, असं बाईंनी शांतपणे विचारलं. सिस्टरांनी शिक्षिकेकडे पाहिलं.

"परवा हिचा रक्तस्राव थांबत नव्हता. शहर गाठेपर्यंत ही वाचली नसती. त्या दिवशीही बाकीच्या खाटा रिकाम्याच होत्या."

बाई शिक्षिकेजवळ बराच वेळ बोलत बसल्या आणि होय-नाही काही न सांगता निघून गेल्या.

चारचौघांत सुनेनं नाक कापलं म्हणून सासूबाईंनी अबोला धरला. 'जेवायला बस म्हणावं तिला' हा निरोपसुद्धा मुलामार्फत यायचा.

महिन्याभरानं अनुदान मंजूर झालं, पण अर्धंमुर्धं. ऑपरेशनची खोली बंद होणार होती. बाळंतपण आणि अडीअडचणीचे पेशंट मात्र रात्रंदिवस घेता येणार होते. सिस्टरांनी घरी येऊन हे सांगितलं, तेव्हा सासूबाई भाजी निवडत होत्या.

"मला नीट कण्हू दिलं असतंस, तर सगळं मिळालं असतं," त्या थेट सुनेला म्हणाल्या.

शेजारी बसून सिस्टरांनी अर्धी जुडी आपल्याकडे ओढून घेतली.